वरून खालीच का?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे पत्र हाती आले, तेव्हा मला आठवली ती नागपूरच्या महाल भागातल्या शाळेच्या जुन्या इमारतीतील प्रयोगशाळेची खिडकी आणि तिच्या कठड्यावरचा काचेचा ग्लास. नववीत विज्ञानाच्या बाईंनी ग्लासाला आतून ओला टीपकागद लावून काच आणि कागद यांच्यामध्ये मक्याचे चार दाणे अडकवले होते. मुळे बोटभर वाढल्यावर त्यांनी ग्लास आडवा ठेवला. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच आम्ही खिडकीशी धावलो, तर चारही मुळांची टोके वळून जमिनीकडे गेलेली होती.

हे वळवणारे संप्रेरक म्हणजे ऑक्झिन, असे बाईंनी सांगितले. ते खोडात टोकाकडून बुडाकडे जाते आणि खोडाचा तुकडा उलटा धरला तरी त्याची वाट बदलत नाही, म्हणजे ते केवळ वजनाने खाली ओघळत नाही, हेही सांगितले. मग वरून खालीच का, असे मी विचारले. "मला ठाऊक नाही. तू शिकशील तेव्हा मला येऊन सांग," एवढेच त्या म्हणाल्या. न येणारे उत्तर न येणारे म्हणून सांगणाऱ्या शिक्षिका मला लाभल्या, याचे मोल मला पुढे वनस्पतिशास्त्र शिकताना कळले.

त्या उत्तराचा गाभा १९७४-७५ मध्येच मांडला गेला होता, फक्त आमच्या पुस्तकापर्यंत तो पोहोचला नव्हता. पेशीभित्तिकेतील पाणी आम्लधर्मी असते, त्याचा सामू साधारण ५.५, पेशीच्या आत तो ७ च्या आसपास असतो. बाहेरच्या आम्लात ऑक्झिनचा काही भाग विद्युतभाररहित राहतो आणि पेशीपटलातून आपोआप आत झिरपतो, तर भारित रेणूंना ऑक्स-१ नावाचे वाहक प्रथिन आत घेते. आत शिरल्यावर मात्र जवळजवळ सगळे ऑक्झिन भारित होते आणि अडकून पडते. बाहेर पडण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे पिन नावाची वाहक प्रथिने, आणि ती खोडातील पेशींच्या बुडाच्या बाजूलाच बसलेली असतात. पेशीमागून पेशी असे दार एकाच अंगाला असल्यामुळे ऑक्झिन तासाला सुमारे एक सेंटीमीटर या वेगाने एकाच दिशेने सरकत राहते. ज्या रोपट्यात पहिले पिन प्रथिन काम करत नाही, त्याला विणकामाच्या सुईसारखा जवळपास फुलांविना नुसता दांडा येतो, म्हणून हे नाव. त्याचे जनुक १९९८ मध्ये हाती लागले.

ग्लासातल्या मुळांचेही कोडे असेच सुटते. मूळ आडवे झाले की टोकाच्या पेशींतील पिष्टकण नव्या तळाशी बसतात, आणि मोहरीच्या कुळातील ॲरॅबिडॉप्सिस या रोपट्यात असे दिसले आहे की काही मिनिटांतच पिन-३ प्रथिने त्या खालच्या बाजूला सरकतात. तिकडे ऑक्झिन साचते, मुळामध्ये जास्त ऑक्झिन वाढ रोखते, आणि वरची बाजू लांबत जाऊन मूळ खाली वळते.

आमची संत्र्याची बाग कळमेश्वरकडे आहे. जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेला संत्र्याचा डोळा जगला की वडील खुंटाचा वरचा शेंडा छाटत, तेव्हा ते शेंड्याकडून उतरणारा ऑक्झिनचा प्रवाहच तोडत असत आणि डोळा जोमाने फुटे. फळातून देठाकडे येणारा हाच प्रवाह मंदावला की देठाचा सांधा सुटू लागतो, आणि फळगळ होते.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी बाईंकडे गेलो आणि वहीच्या पानावर पेशींची उतरंड काढून त्यांना हे सारे सांगितले. चष्मा सावरून त्यांनी चित्र बराच वेळ पाहिले आणि विचारले, "पण ते प्रथिन बुडाशीच बसायचे, हे त्याला कोण सांगते?" मी सांगितले की त्याचा एक धागा मिळाला आहे: पिनॉइड नावाचे विकर या प्रथिनांना फॉस्फेट जोडते, आणि ते प्रमाणाबाहेर वाढले की तीच प्रथिने पेशीच्या वरच्या अंगाला जाऊन बसतात. बाईंनी पेन मागून घेतला आणि माझ्या चित्रातील एका पेशीच्या वरच्या कडेला स्वतः एक ठिपका काढला.