जुलैतले एक्झॉस्ट फॅन

कूलिंग वॉटर पंपाचं बेअरिंग ऐन जुलैत गेलं. स्टोअरमधून नवं आलं, पण नंबर बघायला कुणीतरी त्याचा मेणकागद आधीच सोडला होता. बाहेरच्या रिंगवर तपकिरी ठसा, बोटाच्या रेषा मोजाव्यात इतका स्वच्छ. घामातलं मीठ आणि वर कोकणातला पावसाळा! असं बेअरिंग मी शाफ्टवर चढवत नाही. दुसरं चांगलं निघालं, पंप सुरू झाला आणि मी थेट स्टोअर गाठलं.

दार सताड उघडं, दोन्ही एक्झॉस्ट फॅन सुरू. स्टोअरकीपर काका म्हणाले, "साहेब, हवा खेळती राहावी म्हणून रात्रीसुद्धा बंद करत नाही. कुबट वास येत नाही बघा."

काकांची कळकळ खरी होती. पण खाडीवरून येणारी हवा 28 अंश आणि आर्द्रता 92 टक्के, म्हणजे दवबिंदू (ज्या तापमानाखाली हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो) साडेसव्वीसच्या आसपास. स्टोअरमधल्या स्पेअर पंपाचं रात्रभर गार झालेलं बिडाचं केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, 25 अंशांवर. फॅन ओल बाहेर काढत नव्हते, आत ओढत होते. फ्लँजच्या, म्हणजे पाइप जोडायच्या कडेच्या, उघड्या तोंडावरून मी बोट फिरवलं, ते ओलं झालं. काकांनीही फिरवलं. काही न बोलता त्यांनी जाऊन फॅनचं बटण बंद केलं.

हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजतं. पृष्ठभागावर खारं काही असेल तर त्याआधीच. म्हणून 50च्या खाली ठेवायचं ठरवलं. फॅनची तोंडं पत्र्याने बंद केली, फटी बुजवल्या, हवेतली ओल काढणारा डिह्युमिडिफायर लावला. खोक्यांतली ओल शोषणारी सिलिका जेल निळ्याची गुलाबी झाली होती, ती ओव्हनमध्ये 120 अंशांवर भाजून परत निळी केली.

सगळ्यात जास्त राग आला तो स्पेअर मोटरपाशी. मेगर, म्हणजे वाइंडिंगचं इन्सुलेशन मोजणारा मीटर, एक मेगओमही दाखवेना; आत ओल शिरली होती. टर्मिनल बॉक्स उघडला तर स्पेस हीटरच्या (बंद मोटर आतून कोमट ठेवणाऱ्या छोट्या हीटरच्या) तारा आत तशाच गुंडाळलेल्या. कंपनीने मोटरमध्ये हीटर दिलाय तो याचसाठी, आणि त्याला साधी सिंगल फेज लाइन कुणी दिली नव्हती! ती दिली. वाइंडिंग कोमट राहू लागलं, रीडिंग रोज चढत शंभरच्या पुढे गेलं.

गिअरबॉक्समधल्या गिअरची एक जोडी मात्र वाचली नाही. दातांवर गंजाचे खड्डे पडले होते, ती भंगारात गेली.