गाडी माझी, पण विकायची नाय?

फोर्ड जीटी ही सुपरकार नुसते पैसे टाकून मिळत नव्हती, आधी अर्ज करायचा, कंपनीला तुम्ही पटलात तरच गाडी, आणि वर करारात अट की २ वर्षं विकायची नाही. जॉन सीनाने (हो तोच, कुस्तीवाला) २०१७ मध्ये घेतली नि थोड्याच दिवसांत विकून मोकळा झाला, फोर्डने सरळ कोर्टात खेचलं, २०१८ मध्ये समझोता. त्याच वर्षी मेकम या लिलाव कंपनीच्या इंडियानापोलिसमधल्या (अमेरिका) लिलावात दुसरी एक जीटी १६.५ लाख डॉलरला गेली, मूळ किंमत साधारण ४.५ लाख! फोर्डने अडवायला बघितलं पण लिलाव झालाच.

आता ज्याने शब्द पाळून गाडी झाकून ठेवलीय त्याचा जळफळाट होणारच ना, मधल्या मधे मलिदा खाल्ला दुसऱ्याने. आणि विकणाऱ्याची बाजू आमच्या मालवणच्या गॅरेजवाल्याने मांडली, होडीच्या इंजिनाचा कार्बोरेटर पेट्रोलात बुचकळत, "गाडी माजी, पैशे माजे, कंपनीच्या पोटात कित्याक दुखता?"

मला नाही पटत. म्हाडाच्या कोकण मंडळाच्या लॉटरीतलं घर पण ५ वर्षं विकता येत नाही, तिथे कोण बोंबलतं? सही केलीस ना बाबा. पण खरं सांगू, १२ लाख डॉलर वर सुटत असतील तर माझी पण झोप उडेल.

गॅरेजवाला मात्र वेगळ्याच चिंतेत, "हतल्या स्पीडब्रेकरार तिचा पोट घासतला रे."