ओट्याची राखाडी कड

मी ओटा बसवून १२ दिवस झाले होते आणि काकूंचा फोन आला: काळ्या ग्रॅनाइटवर पांढरट वर्तुळं उमटलीत. दगड विकणाऱ्याचं उत्तर तयारच होतं, "बाईंनी अ‍ॅसिड वापरलं असणार." दगड बिघडला की दोष आधी घरच्या बाईचा, ही आमच्या धंद्यातली फार वाईट खोड आहे.

वर्तुळं होती लिंबू पिळायच्या जागी. सिंकजवळ, जिथे साबणाचं फडकं रोज फिरतं, तिथे मळकट पट्टा. काकू म्हणाल्या, "दादा, लिंबाला घाबरूनच तर जुना कडप्पा काढला ना हो!" खरंच होतं. कडप्पा चुनखडीचा, त्याला लिंबू खातंच. चांगल्या काळ्या ग्रॅनाइटला ते काही करत नाही.

सिंकसाठी कापलेला तुकडा मी गिऱ्हाइकाकडेच ठेवतो. काकूंनी तो जपला होता. पांढरा कापूस अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून अर्ध्या भागावर घासला. कापूस काळा झाला, खालून राखाडी दगड निघाला. त्या राखाडीवर लिंबू पिळून अर्धा तास ठेवलं. डाग नाही. म्हणजे दगड चांगला, काळेपणा तेवढा वरून चोपडलेला.

दगड विकणाऱ्याच्या यार्डात लाद्यांवर पाणी मारून दाखवतात, ओला दगड काळाच दिसतो. पण मला तेवढी सबब नाही. मोल्डिंग करताना, म्हणजे ग्राइंडरने कडेला आकार देताना, कड राखाडी निघाली होती. मी ती पाहिली, आणि सगळे करतात तसं काळं पॉलिश मारून मोकळा झालो. त्या घटकेला ग्राइंडर थांबवून काकूंना हाक मारली असती, तर लादी परत गेली असती.

रंग पुन्हा चढवायला मी नकार दिला; महिन्याभरात परत तेच. सिलिंडर बाहेर नेला, खिडक्या उघडल्या आणि आख्खा ओटा अ‍ॅसिटोननं पुसून काढला, माझी ती कडसुद्धा. दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सीलर मारला, म्हणजे तेल-हळद आत मुरणार नाही. मजुरी परत केली.

काकूंनी राखाडी ओट्यावरून हात फिरवला. "दिसतो बरा," म्हणाल्या. "पण पैसे काळ्याचे दिले ना मी?"

अर्धा काळा, अर्धा राखाडी तुकडा घेऊन उद्या त्यांच्यासोबत यार्डात जातोय. कडेचं मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. जाताना रिक्षात सांगणार आहे.