सेव्ह दाबल्यावर थिजणारी स्क्रीन

32 कोअर, 64 जीबी रॅमचं लिनक्स मशीन, आणि तरीही "सेव्ह" दाबलं की स्क्रीन मिनिट-मिनिट थिजते. तक्रार आली ती अशी. जुन्या दस्तऐवजांची स्कॅन केलेली पानं तपासणाऱ्या आमच्या सहकारी त्याच मशीनसमोर बसून काम करतात. त्याच मशीनवर डेटाबेस चालतो आणि पानांतला मजकूर ओळखणारे ओसीआरचे जॉबही चालतात. "सर, पॉइंटर हलतो, पण खिडकी काही ऐकत नाही. मशीन मोठं आहे म्हणून मला इथे बसवलंत ना?" त्या म्हणाल्या. प्रश्न अगदी रास्त होता.

डेटाबेस सांभाळणाऱ्या सहकाऱ्याचे आलेख मात्र सपाट होते. डेटाबेस वेगळ्या एसएसडीवर, त्यामुळे त्याला कशाचीच झळ नाही. त्याचं म्हणणं, मशीन सर्व्हर म्हणून उत्तम चाललंय, डेस्कटॉप हवा असेल तर दुसरीकडे हलवा. तिसऱ्या एकाने सुचवलं की लो-लेटन्सी कर्नेल (लिनक्सच्या गाभ्याची चटकन प्रतिसाद देणारी आवृत्ती) टाका, प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून तातडीच्या कामाला जागा देणं) पूर्ण चालू करा, टायमर 250 हर्ट्झवरून 1000 वर न्या. लिनक्सवर डेस्कटॉप अडखळला की हा सल्ला पहिला येतो. कर्नेलचंच काम लांबलं आणि त्यामुळे तातडीचा प्रोसेस ताटकळला, तर प्रीएम्प्शनचा उपयोग होतो. पण तिथे गोष्ट मिलिसेकंदांची असते. इथे माणूस मिनिटभर अडकत होता. एवढी मोठी थांबणूक टायमरने येत नाही, म्हणून मी कर्नेलला हात लावायला नकार दिला आणि आधी नेमकं कोण कशाची वाट बघतंय ते बघायचं ठरवलं.

लोड अ‍ॅव्हरेज चाळिशीच्या पुढे होतं. लिनक्समध्ये रांगेतल्या कामांच्या या सरासरी आकड्यात डिस्कची वाट बघत "डी" अवस्थेत पडलेले प्रोसेसही मोजले जातात, तेव्हा त्यावरून प्रोसेसर कमी पडतोय असं म्हणता येत नाही. खरी माहिती मिळाली पीएसआयमधून. 2018 अखेरच्या 4.20 कर्नेलपासून ही सोय आहे: सीपीयू, मेमरी किंवा डिस्कसाठी काम किती टक्के वेळ खोळंबलं, हे शेवटच्या 10, 60 आणि 300 सेकंदांच्या सरासरीत दिसतं. मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की प्रत्येक सीग्रुपची, म्हणजे प्रोसेसच्या गटाची, स्वतःची वेगळी फाइल असते. मी डेस्कटॉप सेशनच्या, म्हणजे यूजर स्लाइसच्या, डिस्कच्या फाइलवर नजर ठेवून बाईंना म्हटलं, "आता करा सेव्ह." दहा सेकंदांची सरासरी चढत साठच्या वर गेली. सीपीयूची ओळ जवळपास शून्यावर. त्याच क्षणी तपासणीच्या प्रोग्रामचा कर्नेल स्टॅक (कर्नेलमध्ये तो कुठे थांबलाय ते दाखवणारी यादी) उघडला, तर तो एका ओळीवर खिळलेला: जेबीडी2 लॉग वेट कमिट. म्हणजे ईएक्सटी4 या फाइल सिस्टिमची जर्नल नोंद (बदलांची आधी लिहून ठेवलेली नोंद) डिस्कवर पोचायची वाट.

यानंतर साखळी उलगडली. प्रोग्राम चार ओळींची टीप लिहितो आणि एफसिंक, म्हणजे ती डिस्कवर पोचल्याची खात्री, मागतो, कारण वीज गेली तरी टीप राहिली पाहिजे. ती टीप जाते हार्ड डिस्कच्या अ‍ॅरेवर, आणि ओसीआरची तात्पुरती चित्रंही तिथेच जातात. मशीन सर्व्हर म्हणून उभं केलं तेव्हा कर्नेलच्या सेटिंग्ज कामानुसार लावणाऱ्या ट्यून-डी या साधनाचं "थ्रूपुट-परफॉर्मन्स" प्रोफाइल लावलं होतं. कर्नेलचा डर्टी रेशिओ एरवी 20 टक्के असतो, हे प्रोफाइल तो 40 करतं: मोकळ्या करता येण्याजोग्या मेमरीच्या 40 टक्क्यांपर्यंत न लिहिलेला डेटा रॅममध्येच साठू द्यायचा. या मशीनवर ते सुमारे 20 जीबी होतात. अ‍ॅरे सेकंदाला 150 ते 200 एमबी लिहीत असेल, तर तो ढीग उपसायला पावणेदोन ते सव्वादोन मिनिटं. चार ओळींची टीप त्या पुराच्या मागे रांगेत.

यात कुणाचा दोष नव्हता. ज्या मशीनसमोर कुणी बसत नाही, तिथे मोठा ढीग करून सलग लिहिणं खरंच फायद्याचं असतं. मात्र हे प्रोफाइल संपूर्ण मशीनला एकच उत्तर देतं. आणि माझं ठाम मत आहे की "हे सर्व्हर की डेस्कटॉप" हा प्रश्न मशीनला विचारायचाच नसतो, तो प्रत्येक कामाला विचारायचा असतो: तुझ्या उत्तरासाठी कुणी ताटकळतंय का?

कर्नेलच्या इतिहासातही हा वाद जुना आहे. ऑस्ट्रेलियातले कॉन कोलिव्हास पेशाने भूलतज्ज्ञ. डेस्कटॉप चपळ राहावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं पॅच लिहिले. 2007 मध्ये 2.6.23 कर्नेलमध्ये इंगो मोल्नार यांचा सीएफएस हा शेड्युलर (कोणत्या प्रोसेसला प्रोसेसर कधी द्यायचा ते ठरवणारा भाग) आला, तेव्हा त्यामागच्या न्याय्य वाटपाच्या कल्पनेचं श्रेय मोल्नार यांनी कोलिव्हास यांना दिलं. कोलिव्हास मात्र त्याच वर्षी बाजूला झाले आणि 2009 मध्ये बीएफएस हा आपला वेगळा शेड्युलर घेऊन परतले. त्यांची कळकळ मला नेहमीच खरी वाटत आली आहे, कारण समोर बसलेल्या माणसाचा खोळंबा बेंचमार्कच्या आकड्यात दिसत नाही. 2023 मधल्या 6.6 कर्नेलमध्ये सीएफएसच्या जागी आलेला ईईव्हीडीएफ त्याच दिशेचा आहे. वाटा किती आणि पाळी किती लवकर, या दोन गोष्टी तो वेगळ्या धरतो. प्रोसेसरच्या वेळेचा छोटा तुकडा मागणाऱ्याला पाळी लवकर मिळते, एकूण वाटा तेवढाच राहतो.

पण आमचा गुंता शेड्युलरच्या आधीच, डिस्कपाशी होता. मूळ प्रोफाइल इन्क्लूड करून एक उपप्रोफाइल केलं आणि टक्क्यांऐवजी बाइट्समध्ये मर्यादा घातल्या: पार्श्वभूमीला लिहायला सुरुवात 128 एमबीला, कमाल 512 एमबी. (बाइट्सची मर्यादा घातली की टक्क्यांची किंमत आपोआप शून्य दिसते. ते बघून कुणी दचकू नये, दोन्हींपैकी एकच लागू असते.) ओसीआरचे जॉब वेगळ्या बॅच स्लाइसमध्ये (स्वतंत्र सीग्रुपमध्ये) टाकले आणि सीपीयू वेट, म्हणजे गर्दीत प्रोसेसरमधला वाटा, 20 ठेवलं. सिस्टिम आणि यूजर स्लाइस मूळच्या 100 वर. तिघेही एकदम कामाला लागले तर बॅचला 220 पैकी 20 वाटे. बाकीचे शांत असतील तर सगळे कोअर त्याचेच. आयओ वेटही (डिस्कमधला वाटा) कमी केलं आणि अ‍ॅरेवर डिस्कच्या रांगेचा शेड्युलर बीएफक्यू ठेवला, कारण एमक्यू-डेडलाइन हा दुसरा शेड्युलर या वेटकडे बघतच नाही. हे जमलं ते सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीमुळे. ईएक्सटी4 वर कॅशमधून नंतर होणारं लिखाणही तिच्यात ज्याचं त्याच्या नावावर पडतं. पहिल्या आवृत्तीत ते बेवारस राहायचं.

ओसीआर पूर्ण भरात असताना पुन्हा बाईंना सेव्ह करायला सांगितलं. खिडकी लगेच मोकळी झाली. त्यांनी एकामागून एक पानं तपासली, मी पीएसआयची ओळ बघत राहिलो. ती अधूनमधून थोडी हलायची आणि बसायची. डेटाबेसवाल्याने आपले आलेख स्वतः तपासले, त्यांत फरक नव्हता.

तक्रार आली ती ओसीआरवाल्यांकडून. "आमची लिहिण्याची पायरी आधी चटकन व्हायची, आता रेंगाळते." त्यांच्यासमोरच तोच गठ्ठा जुन्या आणि नव्या मर्यादेवर चालवला, दोन्ही वेळा शेवटी सिंक लावून. सगळा डेटा खरोखर डिस्कवर पोचेपर्यंतचा वेळ दोन्हीकडे सारखाच भरला. आधी "झालं" असं दिसायचं तेव्हा निम्मा डेटा रॅममध्येच असायचा. हे कळल्यावर त्यांनीच पुढचा मुद्दा काढला, की मशीन त्या अवस्थेत बंद पडलं असतं तर तो गठ्ठा पुन्हा करावा लागला असता.

मग हाच बदल सगळ्या मशीनवर करू या, असं डेटाबेसवाला म्हणाला. मी नाही म्हटलं. ज्या यंत्रांवर नुसती रात्रीची गणितं चालतात, तिथे 40 टक्केच बरे, ते तसेच ठेवलेत.