आकडा पाहून भुललो नाही

काल पीएचसीत लाइट नव्हती, ओपीडी आटोपलेली, म्हणून मोबाईलवर बंग डॉक्टरांचा गडचिरोलीचा लॅन्सेट या वैद्यकीय मासिकातला १९९९ चा पेपर पुन्हा वाचून राहिलो होतो, घरीच नवजात बाळाची काळजी घ्यायचा. ३९ गावांत तिथल्याच बाया शिकवल्या, त्या बाळाच्या घरी वारंवार जात, ४७ गावं नुसती तुलनेला, अन् तिसऱ्या वर्षी हजार जन्मांमागे नवजात बाळांचे मृत्यू इकडे २५.५, तिकडे ५९.६! भारी ना? पण थांबा, गावं काही चिठ्ठ्या टाकून वाटली नव्हती, म्हणजे दोन्हीकडं आधीपासूनच फरक असू शकत होता, म्हणून आधी सुरुवातीचे दर पाहिले, ६२ अन् ५८, म्हणजे जवळपास सारखेच, मग जीव भांड्यात पडला.

सिस्टर म्हणे, "सर, आपल्याकडं इतक्या वेळा घरी जाईन कोण?" हे मला काहून नाही सुचलं! आता आशाताईंचं रजिस्टर काढून बसलोय.