वीण

मोबाइलमध्ये जागा संपली म्हणून एका दुपारी फोटो पुसायला बसले, आणि स्वतःचीच जरा लाज वाटली. सहलीला गेलेल्या आमच्या घोळक्याचा एकही धड फोटो नाही. सगळे ज्या बाकावर बसले होते, त्या बाकाच्या वेताचे मात्र सहा फोटो! बाकी खजिनाही तसलाच. पानांच्या शिरा, पापुद्रे सुटलेला जुना रंग, ओहोटीनंतर वाळूत उरलेले ओघळ, कुंपणाच्या जाळीची भिंतीवर पडलेली तिरकी सावली.

मी विणकाम करते. सुया, लोकर, सुलट-उलट. हे फोटो काढताना विणकाम मनातही नव्हतं. पण सगळे एकत्र पाहिल्यावर कळलं, की कॅमेरा हातात असला तरी डोळे सुयांवरचेच होते. मध्यंतरी ‘चांगले फोटो’ काढायचे म्हणून मुद्दाम सूर्योदयाला उठून जात होते. ते फोटो देखणे आलेत, केशरी-सोनेरी. कॅलेंडरवर शोभतील. पुसताना हात जराही अडखळला नाही.

अशा वेळी मला विल्सन बेंटली आठवतो. अमेरिकेतल्या व्हरमाँटचा हा शेतकरी. त्याला वेड हिमकणांचं. सूक्ष्मदर्शकाखाली बघून तो त्यांची चित्रं काढायचा, पण चित्र पुरं होण्याआधी कण वितळून जायचा. शेवटी त्याने सूक्ष्मदर्शकालाच कॅमेरा जोडला आणि 15 जानेवारी 1885 रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पहिला हिमकण काचेवर पकडला. पुढे आयुष्यभरात पाच हजारांहून अधिक. म्हणजे हा माणूस फोटोग्राफीच्या नादाने हिमाकडे गेलाच नाही. हिम हातून निसटत होतं म्हणून त्याने कॅमेरा धरला. थंडीत श्वास रोखून, पिसाने अलगद कण सरकवणारा तो माणूस मला फार जवळचा वाटतो. सुटलेला टाका सुईवर परत घेताना माझाही श्वास असाच अडकतो.

आणि कॅमेरा विणणाऱ्याच्या भलताच कामाचा आहे. दोन रंगांच्या लोकरी शेजारी ठेवून फोटो काढायचा आणि तो काळा-पांढरा करून बघायचा. लाल आणि हिरवा रंग इतके वेगळे, पण फोटोत दोन्ही एकाच करड्या छटेचे निघाले, तर नक्षी उठून दिसणार नाही हे आधीच कळतं. चुकलेला टाकाही मला फोटोत चटकन दिसतो. हातातल्या कामावर आपलं प्रेम असतं, डोळे त्याच्या चुका पोटात घालतात. फोटो तसं काही करत नाही.

तर, ती कुंपणाची सावली. पुसायचं सोडून तिच्यापाशीच थांबले. भोकं एका टोकाला बारीक, दुसऱ्या टोकाकडे मोठी मोठी होत गेलेली. हे विणता येईल का? जाळी विणणं तसं सोपं असतं, दोरा पुढे घ्यायचा, दोन टाके एकत्र विणायचे, की पडलं भोक. पण भोकं वाढवायची कशी? टाके वाढवून पाहिले, कापड झालरीसारखं फुगलं. उसवलं. पुन्हा विणलं, पुन्हा उसवलं. चौथ्या खेपेला वैतागून जरा जाड सुया घेतल्या, आणि उत्तर तिथेच होतं. टाके तेवढेच ठेवायचे, दर काही ओळींनी सुई एकेक नंबर जाड घ्यायची. जाळी आपोआप पसरत गेली, सावलीसारखीच.

पंधरा दिवसांनी ती शाल धुऊन, ताणून खिडकीत वाळत घातली. ऊन कललं आणि तिची तिरकी सावली फरशीवर पडली, मूळच्या सावलीहून लांब, कडेला थोडी थरथरणारी. धावत जाऊन मोबाइल आणला.

जागा शिल्लक नव्हती.