अस्वलासाठी ९.३×६२

अलास्कात अस्वलासाठी रायफल घ्यायची म्हटलं की दुकानदार तीन काडतुसांची नावं घेतो: .३०-०६, .३३८ विंचेस्टर मॅग्नम आणि .३७५ एच अँड एच. तिन्ही उत्तम आहेत, वर्षानुवर्षं इथल्या लोकांनी त्यांच्यावर भरवसा ठेवलाय. तरी मी माझी रायफल या तिघांपैकी एकातही बनवून घेतली नाही. माझं काडतूस आहे ९.३×६२, म्हणजे ९.३ मिलिमीटर जाडीची गोळी आणि ६२ मिलिमीटर लांब पितळी खोकं. बर्लिनच्या ओटो बॉक या गनस्मिथनं (बंदुका घडवणाऱ्या कारागिरानं) ते १९०५ साली तयार केलं. अमेरिकेतल्या बऱ्याच दुकानांत त्याची पेटी मागितली तर माणूस संगणकात बघायला जातो आणि रिकाम्या हातानं परत येतो. युरोपात मात्र रानडुक्कर आणि मूस (एक प्रचंड हरीण) मारणारे लोक ते आजही रोज वापरतात.

हे काडतूस का, असं मला इथले मित्र विचारतात, कोल्हापुरातले नातेवाईक विचारतात, आणि ज्यांचा बंदुकीशी काडीचा संबंध नाही असेही विचारतात. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितो.

आधी जागा सांगतो. मी केनाई द्वीपकल्पावर राहतो आणि तेल-वायूच्या कामाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवतो. इथं काळी अस्वलं आहेत, तपकिरीही आहेत. मे महिन्यात बर्फ हटला की दक्षिणेकडच्या उतारांवर पहिलं गवत उगवतं आणि बिळांतून बाहेर आलेली अस्वलं तिथं चरायला येतात. लांबून बघितलं तर उतार मोकळा वाटतो. प्रत्यक्षात अर्ध्या उतारावर अल्डर नावाच्या झुडपांची जाळी असते, बर्फाच्या भारानं खाली वाकलेली, एकमेकीत गुंतलेली. त्यात माणूस सरळ उभाही राहू शकत नाही. जखमी अस्वल पळालं तर ते याच जाळीत शिरतं, आणि ज्यानं गोळी घातली त्याला त्याच्यामागे आत जावंच लागतं. रायफल निवडताना मी विचार केला तो त्या आत जाण्याचा. दूरवरच्या नेमबाजीचा प्रश्नच नव्हता.

जवळच्या अंतरावर, जाड हाडाच्या आणि ओल्या दाट केसांच्या जनावराला लागते जड, लांब आणि रुंद गोळी. ती फुटून विखुरली नाही पाहिजे, आत खोलवर गेली पाहिजे. ९.३×६२ची नेहमीची गोळी २८६ ग्रेनची, म्हणजे साडेअठरा ग्रॅमची. ती नळीतून सेकंदाला साधारण ७२० मीटर वेगानं निघते. आजच्या मॅग्नम, म्हणजे जास्त दारूच्या काडतुसांच्या मानानं हा वेग काहीच नाही. पण वेग जितका जास्त तितका जवळून मारताना गोळीवर ताण जास्त, आणि गोळी कच्ची असेल तर ती खांद्याच्या हाडावरच फुटते. १९४६ साली जॉन नॉस्लर नावाच्या शिकाऱ्याला हाच अनुभव ब्रिटिश कोलंबियात आला. चिखलानं माखलेल्या एका मूसवर त्याच्या वेगवान गोळ्या वरच्या वर फुटत राहिल्या. मग त्यानं मधोमध तांब्याचा पडदा असलेली गोळी बनवली. पुढचा भाग पसरतो, पडद्यामागचा भाग शाबूत राहून आत जातो. १९४८ पासून ती विकली जाते. पार्टिशन हे तिचं नाव, आणि माझ्या काडतुसांत तीच आहे.

आता या काडतुसाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींत शेती करणाऱ्या लोकांना इंग्रजी दुनळी रायफल परवडत नव्हती. त्यांना मोठ्या जनावरापुरतं जोरदार, पण साध्या माउझर ९८ रायफलच्या ॲक्शनमध्ये (काडतूस भरणाऱ्या आणि नळी बंद करणाऱ्या यंत्रणेत) बसेल असं काहीतरी हवं होतं. बॉकनं काडतुसाची लांबी आणि बुडाचा व्यास ठरवला तो त्या ॲक्शनच्या मापानंच. त्यामुळे बोल्टचा (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दट्ट्याचा) चेहरा कापायला लागत नाही, मॅगझिन लांब करायला लागत नाही, पोलाद कुठंही खरवडून पातळ करायला लागत नाही. .३७५ एच अँड एचचं काडतूस जवळजवळ एक्क्याण्णव मिलिमीटर लांब. तेच लष्करी माउझरमध्ये बसवायचं तर पुढून आणि मागून धातू काढावा लागतो, आणि पुढचा धातू काढायचा म्हणजे जिथं बोल्टचे लग (त्याला जागेवर अडकवणारे खांदे) टेकतात त्याच्याच मागचा आधार कमी करायचा. लोकांनी असं केलंय आणि ते चालतंही. पण ज्यानं आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलंय त्याला असलं काम बघवत नाही. भाराच्या जागेचा धातू काढू नये, हे मला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बाबांनी शिकवलं तेव्हा मी अजून शाळेत होतो.

ॲक्शन मला मिळाली ती चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोच्या कारखान्यात घडलेली, व्हीझेड २४ या माउझर धाटणीच्या लष्करी रायफलची. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं काम. नळीचे आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) बाद झालेले, लाकूड तडकलेलं, पण ॲक्शन आतून इतकी गुळगुळीत की बोल्ट नुसत्या बोटानं मागे सरकतो. माउझरच मी का धरून बसलो, तर तिच्या बोल्टच्या कुशीला लांब पोलादी पंजा असतो. काडतूस मॅगझिनमधून वर येताच हा पंजा त्याच्या बुडाची कडा पकडतो, आणि रिकामं खोकं बाहेर फेकलं जाईपर्यंत सोडत नाही. रायफल आडवी असो, उलटी असो, बोल्ट अर्ध्यावर नेऊन घाबरून परत ओढला गेलेला असो, काडतूस खाली पडत नाही आणि दोन काडतुसं एकदम अडकत नाहीत. जाळीत गुडघ्यावर बसलेल्या माणसाला याची किंमत कळते.

काम केलं ते इथल्याच एका वयस्कर गनस्मिथनी. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांची पहिली अट अशी होती की चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, ते स्वतः कापणार, मी फक्त बघायचं. मला ते पटलं. मी रोज लेथवर उभा असतो, पण चेंबर कापणं वेगळं. तिथं हजारांश इंचाच्या चुकीचा हिशेब गालाजवळ होतो.

त्यांनी नळी लेथच्या चकमध्ये धरली आणि डायल इंडिकेटर (बारीक फरक दाखवणारं सुईचं मापक) लावला तो बाहेरच्या अंगाला नाही, आतल्या भोकाला. बाहेरचं अंग आणि आतलं भोक एकाच रेषेत असतील असं ते धरूनच चालत नाहीत. सुई जवळजवळ हलायची थांबेपर्यंत त्यांनी चकचे जबडे इकडून तिकडून सरकवले. त्यात दुपार गेली. मग रीमर (भोक नेमक्या मापात कापायचं हत्यार), थोडं कापायचं, बाहेर काढायचं, चुरा पुसायचा, तेल घालायचं, पुन्हा आत. शेवटी दोन गेज, म्हणजे मापाचे ठोकळे: एकावर बोल्ट मिटला पाहिजे, दुसऱ्यावर मिटता कामा नये. आमचा बोल्ट पहिल्यावर अलगद मिटला, दुसऱ्यावर अडला. मी त्याचा व्हिडिओ बाबांना पाठवला. अस्वलाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्यांचा एकच प्रश्न: "रीमर तरंगता धरला होता का घट्ट?" तरंगता, म्हणजे भोकाच्या रेषेत आपोआप येईल असा किंचित सैल, असं सांगितल्यावर म्हणाले, "मग बरोबर."

नळी बावीस इंची, स्टेनलेस. आट्यांचा पीळ ३६० मिलिमीटरला एक फेरा, हे या काडतुसाचं प्रमाण माप. लष्करी बोल्टचा दांडा वर उचलला की रायफलवर बसवलेल्या दुर्बिणीला आपटतो, म्हणून तो कापून खाली वळवलेला नवा जोडला. मूळ सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेली कळ) डोक्यावरून फिरते, तीही दुर्बिणीखाली चालत नाही. तिच्या जागी बाजूला सरकणारी तीन टप्प्यांची बसवली. मधल्या टप्प्यावर चाप बंद राहतो पण बोल्ट उघडता येतो, म्हणजे बंदूक रिकामी करताना चाप मोकळा सोडावा लागत नाही. गनस्मिथना कोरलेला अक्रोड लावायचा होता. दिसायला त्याला तोड नाही, पण इथला पाऊस लाकडाला फुगवतो, लाकूड नळीला रेटतं आणि नेम सरकतो. मी फायबरग्लासचा दस्ता घेतला, करड्या रंगाचा, अगदी साधा.

दस्त्याची लांबी हा मात्र माझा हट्ट होता, आणि तयार रायफल न घेण्याचं खरं कारणही तेच. माझी उंची पाच फूट चार इंच. कारखान्यातले दस्ते सहा फुटी माणसाच्या हातासाठी कापलेले असतात. वर जाड जॅकेट आलं की बट (दस्त्याचं मागचं टोक) काखेत अडकते आणि डोळा दुर्बिणीमागे यायला उशीर होतो. माझा दस्ता तेरा इंचांवर कापलाय. आता रायफल खांद्याला लावली की डोळे उघडताच नेम समोर असतो. काडतुसांसकट वजन साडेआठ पौंड. धक्का .३०-०६च्या दीडपट तरी आहे, पण तो ढकलल्यासारखा येतो आणि दस्ता बरोबर असला की सहन होतो.

दुर्बीण लहान, एक ते चार पट. ती धरून ठेवणारी कडी हातानं फिरवून सुटतात आणि खाली लोखंडी नेम (नळीवरचा साधा, बिनकाचेचा) तयार असतो. पावसात काच धुकटली तर दुर्बीण काढून खिशात टाकायची.

कायद्याचं थोडक्यात. मी कामाच्या व्हिसावर असताना बंदूक घेतली नाही. त्या व्हिसावर अमेरिकी कायद्यानं बंदूक बाळगायला मनाई आहे. शिकारीचा परवाना असेल तर सूट मिळते, पण मला तो आडमार्ग नको होता. ग्रीन कार्ड आलं, मग रीतसर फॉर्म, पार्श्वभूमीची तपासणी आणि खरेदी.

कोल्हापूरहून येणारा दुसरा प्रश्न जास्त अवघड असतो: अस्वल कशाला मारायचं? भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यानं आपल्या अस्वलाला पूर्ण संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. मेळघाटात, ताडोबात उरलेल्या प्रत्येक अस्वलासाठी मी तेच म्हणेन. अलास्कात परिस्थिती निराळी आहे. इथं सुमारे ३०,००० तपकिरी अस्वलं आहेत आणि काळी त्याच्या तिपटीहून जास्त. किती मारायची, कुठं, कधी, हे राज्य सरकार भागवार ठरवतं. पिल्लं असलेली मादी मारायची नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या रायफलवर आणि काडतुसांच्या पेटीवर ११ टक्के कर आहे, आणि १९३७च्या कायद्यानं तो पैसा वन्यजीवांच्या कामालाच जातो. यानं सगळ्यांचं समाधान होणार नाही, हे मला ठाऊक आहे. मी जे मारतो ते खातो, आणि ते झटकन मरावं म्हणून एवढी मेहनत घेतो.

या मे महिन्यात तो उतार, ती जाळी आणि एक एकटं काळं अस्वल. ते चरत होतं तेव्हा दुर्बिणीतून बराच वेळ फक्त त्याच्या आजूबाजूचं गवत बघत राहिलो, पिल्लू कुठं हलतंय का म्हणून. डोकं रुंद होतं, कान त्यामानानं लहान आणि एकमेकांपासून लांब, म्हणजे मोठा नर. वारा माझ्याकडे. अंतर सत्तर-ऐंशी यार्ड. त्यानं पुढचा पाय पुढे टाकला, खांद्यामागची जागा मोकळी झाली, आणि मी चाप ओढला. गोळी दोन्ही फुप्फुसांतून पार झाली. ते जाळीच्या कडेपर्यंत गेलं आणि तिथंच पडलं. बोल्ट मी कधी ओढला ते मला आठवत नाही, पण दुसरं काडतूस चेंबरमध्ये होतं. मग थांबलो. हालचाल नाही, आवाज नाही, अशी पूर्ण खात्री झाल्यावरच खाली उतरलो.

वसंतातल्या काळ्या अस्वलाचं मांस टाकून देणं इथं गुन्हा आहे, आणणंच बंधनकारक. चारही पाय, पाठीचं मांस, कातडं आणि कवटी, सगळं पाठीवरून. कातडं आणि कवटी तीस दिवसांत वन्यजीव खात्याला दाखवून मोहोर लावून घ्यायची. तिथले लोक एक छोटा दात काढून घेतात आणि त्याच्या वलयांवरून वय काढतात.

मांसाबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण यात लोक आजारी पडतात. अस्वलाच्या मांसात ट्रायकिनेला नावाचा कृमी असू शकतो, आणि उत्तरेकडची त्याची जात फ्रीजरमध्येही मरत नाही. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सियसच्या वर शिजलंच पाहिजे. मधे गुलाबी ठेवलेला स्टेक इथं चालत नाही. आपल्या घरातला प्रेशर कुकर यासाठी सर्वांत उत्तम. खांद्याचं मांस, कांदा-लसूण मसाला, सुकं खोबरं भाजून वाटलेलं, आणि भरपूर शिट्ट्या. चव बकऱ्यापेक्षा गोडसर, धागा जाड. बायकोनं पहिला घास घेऊन मीठ वाढवायला सांगितलं आणि मग दोनदा वाढून घेतलं.

ज्यांना हेच काडतूस घ्यायचंय त्यांच्यासाठी एक सूचना. रायफल बनवायला देण्याआधी खोकी आणि गोळ्या जमवा. लापुआ, नॉर्मा आणि सर्बियाची प्रवी पार्टिझान ही मंडळी ९.३×६२ची खोकी बनवतात, पण इथल्या दुकानांत ती कधी येतील याचा भरवसा नसतो. एकाच लॉटची घ्या. .३०-०६ची खोकी पसरवून काम भागेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, त्यांचं बूड किंचित लहान आहे.

सप्टेंबरात मूसचा हंगाम. त्यासाठी २५० ग्रेनची गोळी लावून बघणार आहे, थोडी सपाट जाते. दस्त्याचे स्क्रू परवा तपासले, हललेले नाहीत. २५० ग्रेनचे गट कसे पडतात, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागतात, ते रेंजवरून आल्यावर इथंच लिहीन.